लिनक्स कर्नलमधील त्रुटी व इशाऱ्यांची हाताळणी

संचालन प्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, चालू असताना त्यात उद्भवणाऱ्या चुका ओळखणे, त्यांची नोंद करणे आणि त्यानंतर यंत्र चालू ठेवायचे की थांबवायचे हे ठरवणे यासाठी लिनक्समध्ये अनेक पद्धती वापरल्या जातात. त्यांना एकत्रितपणे लिनक्स कर्नलमधील त्रुटी व इशाऱ्यांची हाताळणी असे म्हणता येते. या पद्धतींच्या चढत्या तीव्रतेच्या चार पायऱ्या आहेत: त्रुटी-क्रमांक परत करणे, इशारा नोंदवणे, चालू प्रक्रिया संपवणे (ऊप्स) आणि संपूर्ण यंत्र थांबवणे (पॅनिक). या सर्व पायऱ्यांमागे एकच प्रश्न आहे. चूक आढळल्यानंतर कर्नलने स्वतःवर कितपत विश्वास ठेवावा? पुढे चालत राहिल्यास वापरकर्त्याची माहिती बिघडलेल्या स्वरूपात डिस्कवर लिहिली जाण्याचा धोका असतो, तर थांबल्यास त्या यंत्रावर अवलंबून असलेली सेवा बंद पडते.

पार्श्वभूमी

सामान्य प्रोग्रॅममध्ये गंभीर चूक झाल्यास कर्नल तो प्रोग्रॅम बंद करतो, त्याने व्यापलेली मेमरी परत घेतो आणि उघडलेल्या फाइली मिटतो. इतर प्रोग्रॅम अबाधित राहतात. कर्नलच्या बाबतीत असे संरक्षण उपलब्ध नसते. मेमरी, डिस्क, नेटवर्क आणि प्रक्रिया यांचे व्यवस्थापन करणारा सर्व कोड एकाच पत्ता-अवकाशात आणि सर्वोच्च अधिकारांनिशी चालतो. त्यामुळे एखाद्या लहान ड्रायव्हरने चुकीच्या ठिकाणी लिहिलेली काही बाइट फाइल प्रणालीच्या माहितीवर पडू शकतात. असा बिघाड लगेच दिसेलच असेही नाही. चूक घडते एका भागात आणि परिणाम उघड होतो दुसऱ्याच भागात, कित्येकदा बऱ्याच वेळाने.

या प्रश्नाला इतिहास आहे. १९६० च्या दशकातील मल्टिक्स या प्रणालीत चुकांतून सावरण्यासाठी लिहिलेल्या कोडचे प्रमाण फार मोठे होते. तिच्यावर काम केलेले टॉम व्हॅन व्लेक यांनी युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांच्याशी झालेल्या संभाषणाची आठवण नोंदवून ठेवली आहे. तिच्यानुसार, युनिक्समध्ये हा सगळा भाग गाळून त्याऐवजी ‘पॅनिक’ नावाचे एकच फंक्शन ठेवले असल्याचे रिची यांनी सांगितले. ते चालले की यंत्र बंद पडे आणि कोणीतरी हाक मारून ते पुन्हा सुरू करायला सांगे. १९७५ मधील युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत हे फंक्शन जेमतेम काही ओळींचे होते. प्रलंबित माहिती डिस्कवर लिहिणे, संदेश छापणे आणि कायमचे स्वस्थ राहणे, एवढेच त्याचे काम होते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सने पॅनिकची कल्पना स्वीकारली. मात्र कालांतराने तिच्या अलीकडे अनेक मधल्या पायऱ्या तयार झाल्या.

अपेक्षित त्रुटी

मेमरी अपुरी पडणे, वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमने चुकीचे मूल्य पाठवणे, उपकरण मध्येच काढून घेतले जाणे या घटना कर्नलच्या दृष्टीने अपवादात्मक असल्या तरी अनपेक्षित नाहीत. अशा वेळी फंक्शन आपल्याला बोलावणाऱ्या फंक्शनकडे ऋण त्रुटी-क्रमांक परत करते. उदाहरणार्थ, बहुतेक संगणक-रचनांमध्ये उणे ५ म्हणजे उपकरणाशी देवाणघेवाण करताना आलेली त्रुटी, उणे १२ म्हणजे अपुरी मेमरी, उणे १४ म्हणजे अवैध पत्ता आणि उणे २२ म्हणजे अवैध मूल्य. हा क्रमांक एकेक पायरी वर जात शेवटी वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतो.

जी फंक्शने पॉइंटर परत करतात त्यांच्यासाठी वेगळी युक्ती वापरली जाते. पत्ता-अवकाशातील अगदी शेवटची ४०९५ मूल्ये खऱ्या पॉइंटरसाठी कधीच वापरली जात नसल्यामुळे त्रुटी-क्रमांक त्या मूल्यांत बसवून पॉइंटरच्या रूपातच परत करता येतो. बोलावणाऱ्या फंक्शनने असा पॉइंटर वापरण्यापूर्वी तो त्रुटीदर्शक आहे का, हे तपासणे आवश्यक असते. ही तपासणी राहून जाणे ही ड्रायव्हरमध्ये वारंवार आढळणारी चूक आहे.

एखादे काम अर्ध्यावर फसल्यास तोपर्यंत मिळवलेली साधने उलट क्रमाने परत करावी लागतात. समजा, एखाद्या ड्रायव्हरने प्रथम मेमरी घेतली, नंतर इंटरप्टची नोंदणी केली आणि तिसऱ्या टप्प्यावर उपकरणाने प्रतिसाद दिला नाही. अशा वेळी आधी नोंदणी रद्द करून मग मेमरी सोडावी लागते. सी भाषेत अपवाद-हाताळणीची अंगभूत सोय नसल्याने कर्नलमध्ये हे काम ‘गोटू’ विधानाने केले जाते. फंक्शनच्या शेवटी आवराआवरीच्या ओळी उलट क्रमाने मांडलेल्या असतात आणि ज्या टप्प्यावर अपयश आले त्यानुसार योग्य ओळीवर उडी घेतली जाते. अध्यापनात सहसा टाळायला सांगितले जाणारे हे विधान कर्नलच्या लेखनशैलीत या कामासाठी मान्य आहे.

वापरकर्त्याने दिलेल्या पत्त्यावरून माहिती वाचणे हे आणखी एक नाजूक काम आहे, कारण तो पत्ता खोटा असू शकतो. त्यासाठी राखून ठेवलेल्या फंक्शनांमध्ये, कोणत्या सूचनेवर असा दोष उद्भवू शकतो आणि उद्भवल्यास कोठून पुढे चालायचे, याची सारणी आधीच तयार असते. प्रोसेसरने दोष कळवला की कर्नल ही सारणी पाहतो. नोंद सापडल्यास यंत्र न थांबता काम पुढे जाते आणि प्रोग्रॅमला सहसा उणे १४ हा क्रमांक मिळतो. नोंद न सापडल्यास मात्र तो कर्नलचा स्वतःचा दोष मानला जातो.

नोंदी आणि इशारे

कर्नलचे संदेश ‘प्रिंटके’ या फंक्शनाद्वारे मेमरीतील एका वर्तुळाकार नोंदवहीत लिहिले जातात आणि ‘डीमेसेज’ या आज्ञेने वाचता येतात. संदेशांचे ० ते ७ असे आठ स्तर आहेत. ० म्हणजे प्रणाली निरुपयोगी झाल्याची आणीबाणी, ३ म्हणजे त्रुटी, ४ म्हणजे इशारा आणि ७ म्हणजे दोषशोधनापुरती माहिती. एकच संदेश सेकंदाला हजारो वेळा उमटून नोंदवही भरून जाऊ नये म्हणून ठरावीक काळातील संदेशांच्या संख्येवर मर्यादा घालणारी रूपेही उपलब्ध आहेत.

साध्या इशारा-संदेशाहून ‘वॉर्न’ हे विधान वेगळे आहे. कधीच खरी होऊ नये अशी अट खरी झाल्यास ते चालते. त्या वेळी फाइलचे नाव, ओळ क्रमांक, रजिस्टरांची स्थिती आणि तेथपर्यंत पोहोचवणाऱ्या फंक्शनांची साखळी छापली जाते व काम पुढे चालू राहते. या नोंदीच्या प्रारंभी ‘येथून कापा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, जेणेकरून वापरकर्त्याने नेमका तेवढा भाग विकासकांकडे पाठवावा. ‘वॉर्न_ऑन_वन्स’ हे रूप एका ठिकाणचा इशारा एकदाच छापते.

इशारा उमटल्यानंतर कर्नल स्वतःवर ‘डागाळलेला’ अशी खूण करतो. प्रत्येक कारणासाठी वेगळे अक्षर आणि वेगळा अंक असतो: मालकी हक्काचे, स्रोत खुला नसलेले मॉड्यूल भरले असल्यास पी (१), ऊप्स घडला असल्यास डी (१२८) आणि इशारा उमटला असल्यास डब्ल्यू (५१२). यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत ही खूण पुसली जात नाही. त्यामुळे नंतरचा एखादा दोष तपासताना त्याआधीही काही बिनसले होते का, हे कळते.

ऊप्स

कर्नलच्या कोडने शून्य पॉइंटर वापरणे किंवा अवैध सूचना चालवणे अशी चूक केल्यास प्रोसेसर अपवाद उभा करतो आणि कर्नल ‘ऊप्स’ नोंदवतो. या नोंदीत दोषाचे कारण, ज्या सूचनेवर दोष घडला तिचा पत्ता, रजिस्टरांतील मूल्ये आणि फंक्शनांची साखळी असते. त्यानंतर त्या क्षणी चालू असलेली प्रक्रिया संपवली जाते आणि उरलेली प्रणाली चालू ठेवण्याचा प्रयत्न होतो.

हा प्रयत्न नेहमीच सुरक्षित नसतो. संपवलेल्या प्रक्रियेने कर्नलमधील एखादा लॉक धरून ठेवला असल्यास तो कोणीच सोडत नाही, आणि त्याची वाट पाहणाऱ्या प्रक्रिया कायमच्या अडकू शकतात. घेतलेली मेमरी परत मिळत नाही आणि संदर्भ-गणकांचे आकडे चुकीचे राहतात. इंटरप्ट हाताळताना ऊप्स घडल्यास संपवण्याजोगी अशी प्रक्रियाच नसते, म्हणून कर्नल थेट पॅनिककडे वळतो. प्रणालीतील पहिली प्रक्रिया, म्हणजे ‘इनिट’, मारली जाण्याची वेळ आली तरीही तसेच होते.

पॅनिक

पॅनिक ही शेवटची पायरी होय. कर्नल इतर प्रोसेसर थांबवतो, संदेश छापतो आणि काम बंद करतो. अनेक संगणकांवर या वेळी कळफलकावरील दिवे लुकलुकतात. संदेशाच्या सुरुवातीला ‘समक्रमण करत नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द येतात. मेमरीत असलेली पण अद्याप डिस्कवर न लिहिलेली माहिती आता लिहिली जाणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. ज्या कर्नलच्या मेमरीवर विश्वास उरलेला नाही त्याने डिस्कवर लिहिल्यास तेथील चांगली माहितीही बिघडू शकते. शेवटच्या काही सेकंदांचे काम गमावणे हे वर्षानुवर्षांचा साठा बिघडण्यापेक्षा परवडते, असा हा हिशेब आहे. सहाव्या युनिक्सच्या आधी लिहिणे आणि मग थांबणे या क्रमाच्या तो उलट आहे.

मूळ मांडणीनुसार पॅनिकनंतर यंत्र जागच्या जागी थांबून राहते. जेथे माणूस उपस्थित नसतो अशा सर्व्हरवर ठरावीक सेकंदांनी आपोआप पुनःप्रारंभ व्हावा अशी सोय करून ठेवता येते.

थांबावे की चालू ठेवावे

कर्नलमध्ये ‘बग’ आणि ‘बग_ऑन’ ही विधानेही आहेत. अट खरी ठरल्यास ती मुद्दाम ऊप्स घडवून आणतात. एक्स-८६ प्रोसेसरवर यासाठी अवैध ठरवून ठेवलेली एक सूचना चालवली जाते. विकासकाच्या दृष्टीने हा सोपा मार्ग असतो, कारण अशक्य वाटणाऱ्या स्थितीतून सावरण्याचा कोड लिहावा लागत नाही. वापरकर्त्याच्या दृष्टीने मात्र चालू यंत्र कोसळते, आणि कोसळताना लॉक अडकल्यास दोषाची नोंदही डिस्कपर्यंत पोहोचत नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ४.८ ही आवृत्ती प्रसिद्ध झाल्यानंतर मेमरी-व्यवस्थापनातील अशाच एका पडताळणी-विधानामुळे यंत्र कोसळत असल्याचे आढळले. केवळ पडताळणीसाठी यंत्र पाडणे कधीही मान्य होणार नाही, अशी कठोर भूमिका टोरवाल्ड्स यांनी त्या वेळी घेतली. कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजांत आता ‘बग’ आणि ‘बग_ऑन’ ही विधाने नव्या कोडमध्ये वापरू नयेत, शक्य असेल तेथे ‘वॉर्न_ऑन_वन्स’ वापरून त्रुटी-क्रमांक परत करावा, असे सांगितले आहे. त्याचबरोबर इशारेही सढळपणे वापरू नयेत, आणि वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला सहज घडवून आणता येईल अशा स्थितीसाठी तर मुळीच वापरू नयेत, असाही दंडक आहे.

याउलट, काही ठिकाणी चालू राहण्यापेक्षा थांबणेच इष्ट असते. हजारो सर्व्हरांच्या समूहात एक यंत्र बंद पडल्यास त्याचे काम दुसरे यंत्र घेऊ शकते, परंतु बिघडलेल्या अवस्थेत चालणारे यंत्र चुकीची उत्तरे देत राहते. म्हणून निर्णयाचा काही भाग प्रशासकावर सोपवलेला आहे. ‘पॅनिक_ऑन_ऊप्स’ ही मांडणी चालू केल्यास प्रत्येक ऊप्सनंतर, आणि ‘पॅनिक_ऑन_वॉर्न’ चालू केल्यास पहिल्याच इशाऱ्यानंतर यंत्र थांबते. एक्स्ट ४ या फाइल प्रणालीतही तोच पर्याय दिसतो. अंतर्गत विसंगती आढळल्यास तसेच पुढे चालणे, केवळ वाचनापुरती फाइल प्रणाली खुली ठेवणे किंवा पॅनिक करणे, यांपैकी काय करावे हे प्रशासक ठरवू शकतो. वाचनापुरती खुली ठेवण्याच्या पर्यायात सेवा अंशतः चालू राहते आणि बिघाडही वाढत नाही.

हा प्रश्न सुरक्षेशीही निगडित आहे. ऊप्सनंतर संदर्भ-गणक चुकीचे राहतात, ही बाब हल्लेखोराच्या उपयोगाची ठरू शकते. मुद्दाम असंख्य ऊप्स घडवत गेल्यास ३२ बिटांचा गणक भरून पुन्हा शून्यावर येतो. वापरात असलेली वस्तू मग निरुपयोगी समजून मुक्त केली जाते आणि तिच्या जागेचा गैरवापर करता येतो. हा मार्ग प्रत्यक्षात शक्य असल्याचे गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटातील संशोधकांनी दाखवून दिले. त्यावर उपाय म्हणून ६.२ या आवृत्तीत ऊप्सच्या एकूण संख्येवर मर्यादा आली. मूळ मांडणीनुसार १०,००० ऊप्स झाल्यावर कर्नल पॅनिक करतो. इशाऱ्यांसाठीही अशी मर्यादा ठेवता येते, परंतु ती मुळात बंद असते.

गोठलेल्या यंत्राची ओळख

काही दोषांत कोणताही अपवाद उभा राहत नाही; यंत्र केवळ प्रतिसाद देणे थांबवते. त्यासाठी कर्नलमध्ये पहारेकरी यंत्रणा आहेत. मूळ मांडणीनुसार एखादा प्रोसेसर २० सेकंदांहून अधिक काळ दुसऱ्या कामाला वेळ न देता कर्नलच्या कोडमध्ये फिरत राहिला तर ‘सॉफ्ट लॉकअप’ नोंदवला जातो. सुमारे १० सेकंद इंटरप्टही स्वीकारले गेले नाहीत तर ‘हार्ड लॉकअप’ नोंदवला जातो. एखादी प्रक्रिया १२० सेकंद अखंड, न मोडता येणाऱ्या प्रतीक्षेत अडकल्यास तिच्याविषयीही इशारा उमटतो. दोष प्रत्येक वेळी कोडचाच असतो असे नाही. मंद डिस्क किंवा अति भार असलेले आभासी यंत्र यांमुळेही असे इशारे येतात.

पुराव्याचे जतन

यंत्र पुन्हा सुरू केले की मेमरीतील पुरावा नष्ट होतो. यावर ‘केडंप’ हा उपाय आहे. यंत्र सुरू होतानाच मेमरीचा एक भाग राखून त्यात दुसरा छोटा कर्नल भरून ठेवला जातो. पॅनिक झाल्यावर नियंत्रण थेट त्याच्याकडे जाते. तो स्वतः अबाधित असल्याने कोसळलेल्या कर्नलच्या मेमरीची प्रत डिस्कवर किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर निर्धास्तपणे साठवू शकतो. या पद्धतीचा पाया असलेली ‘केएक्झेक’ ही सुविधा २००५ मध्ये २.६.१३ या आवृत्तीत आली. एवढी मेमरी राखून ठेवणे शक्य नसलेल्या लहान उपकरणांत ‘पीस्टोअर’ ही सुविधा शेवटचे संदेश पुनःप्रारंभानंतरही टिकणाऱ्या साठ्यात ठेवते.

दोष आधीच शोधण्याची साधने

प्रत्यक्ष वापरात उमटणारा प्रत्येक इशारा हा चाचणीतून निसटलेला दोष असतो. २००६ मध्ये इंगो मोल्नार यांनी आणलेले ‘लॉकडेप’ हे साधन लॉक कोणत्या क्रमाने घेतले जातात याची नोंद ठेवते. परस्परविरोधी क्रम आढळला की प्रत्यक्ष कोंडी होण्यापूर्वीच ते इशारा देते. २०१५ मध्ये ४.० या आवृत्तीत आलेले ‘कासान’ मुक्त केलेली मेमरी वापरणे किंवा हद्दीबाहेर लिहिणे त्याच क्षणी पकडते. त्याचे सर्वसाधारण रूप यासाठी मेमरीचा एक-अष्टमांश भाग राखून ठेवते, त्यामुळे ते मुख्यतः चाचणीत वापरले जाते.

मेमरी अपुरी पडण्यासारखे प्रसंग क्वचित येत असल्याने त्यांसाठी लिहिलेला आवराआवरीचा कोड सहसा चालतच नाही आणि त्यातील चुका दडून राहतात. म्हणून कर्नलमध्ये मुद्दाम कृत्रिम अपयश घडवून आणण्याचीही सोय आहे. गूगलचे ‘सिझबॉट’ यादृच्छिक स्वरूपाच्या असंख्य विनंत्या कर्नलला पाठवून दोष शोधते. ते ‘पॅनिक_ऑन_वॉर्न’ चालू ठेवते, त्यामुळे प्रत्येक इशारा दोष म्हणून नोंदवला जातो.

विंडोजशी तुलना

मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या कर्नलमध्ये ऊप्ससारखी मधली पायरी नाही. कर्नल-स्तरावरील न हाताळलेला अपवाद थेट यंत्र थांबवतो; २०२५ पर्यंत अशा वेळी परिचित निळा पडदा दिसत असे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी पाठवलेल्या एका माहिती-फाइलमुळे त्याच्या कर्नल-ड्रायव्हरने हद्दीबाहेरची मेमरी वाचली. २० मूल्ये उपलब्ध असताना २१ वे वाचण्याचा तो प्रयत्न होता आणि मूल्यांची संख्या तपासणारी अट कोडमध्ये नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले. ड्रायव्हर प्रारंभीच भरला जात असल्याने अनेक यंत्रे पुन्हा पुन्हा कोसळत राहिली आणि सदोष फाइल प्रत्येक यंत्रावर जाऊन हाताने काढावी लागली. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेली बोर्डिंग पास द्यावी लागली. पॅनिकने डिस्कवरील माहितीचे रक्षण केले तरी पुनःप्रारंभानंतर तीच चूक पुन्हा घडणार असेल तर सेवा पूर्ववत होत नाही, हे या घटनेतून दिसून आले.

रस्ट भाषेचा समावेश

डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये रस्ट भाषेला प्राथमिक आधार आहे. रस्टमध्ये यश किंवा त्रुटी यांपैकी एक धारण करणारा ‘रिझल्ट’ हा प्रकार असून तो न तपासता सोडल्यास संकलक इशारा देतो. त्यामुळे सी भाषेत केवळ शिस्तीवर अवलंबून असलेली तपासणी येथे भाषेच्या नियमांतून होते. मात्र रस्टच्या प्रमाण ग्रंथालयात मेमरी न मिळाल्यास प्रोग्रॅम सामान्यतः तेथेच संपतो. एप्रिल २०२१ मध्ये या प्रस्तावावर चर्चा चालू असताना टोरवाल्ड्स यांनी असे वर्तन कर्नलमध्ये मान्य होणार नाही असे स्पष्ट केले. त्यानुसार कर्नलसाठीच्या रस्ट कोडमध्ये मेमरीची मागणी अयशस्वी झाल्यास त्रुटी परत करणारी फंक्शने वापरली जातात. सरणीच्या हद्दीबाहेर जाण्यासारख्या चुकांनंतर रस्टचे स्वतःचे पॅनिक घडते आणि ते कर्नलमध्ये ‘बग’ विधानाशी जोडलेले आहे.